टेस्ट नंबर सदतीस

नंदकुमारची टेस्ट आजवर कधी चुकली नव्हती. निदान तो तरी असंच सांगायचा. तुर्भ्याच्या त्या ऑफिसात डॉस आणि युनिक्स या दोन्ही जातींच्या मशीनवर एकसारख्या आज्ञा पाळणारा 'शेल' नावाचा प्रोग्राम तयार होत होता. तो खरंच पाळतो का, हे तपासायला नंदकुमारने चारशे बारा टेस्ट लिहिल्या होत्या. सकाळी आल्या आल्या एक बटण दाबायचं आणि चहाला जायचं. तोवर मशीन स्वतःच आज्ञा सोडायचं, उत्तरं ताडून बघायचं आणि प्रिंटर करकरत पास-नापास छापायचा.

दोन आठवडे सदतीस नंबर नापास होत होता. 'फोल्डरमधलं सगळं पुसा' ही आज्ञा द्यायची आणि मागे किती फाइली उरल्या ते मोजायचं. युनिक्सवर शून्य, डॉसवर मात्र एक. पुसायची आज्ञा श्रुतीने लिहिली होती. ती प्रोबेशनवर होती आणि शनिवारी तिचा निकाल होता.

"सर, ती एक फाइल कुठली उरते ते बघूया का? तुमच्या टेस्टमध्येच..."

"टेस्टला बोट लावायचं नाही. तुझं डिलीट बघ."

"पण सर..."

"थर्मामीटरला ताप येतो का गं कधी?"

श्रुतीने डिलीट तीनदा नव्याने लिहिलं. तीनदा एक उरली.

शनिवारी ऑफिसचे प्रमुख हौसेराव साहेबांनी नंदकुमारला केबिनमध्ये बोलावलं. "बोला नंदकुमार, पोरीचं काय करू? ठेवू की जाऊ दे?"

"साहेब, मी काय बोलणार? कागदच बोलतोय."

श्रुतीने ड्रॉवरमधला डबा, छत्री पिशवीत भरली आणि "येते सर" म्हणून गेली. नंदकुमारला वाईट वाटलं. पण टेस्ट म्हणजे टेस्ट.

सोमवारी हौसेराव म्हणाले, "आता ते डिलीट तुमीच सरळ करा."

दुपारपर्यंत त्याने डिलीट स्वतःच्या हाताने लिहिलं. एक उरली. पुन्हा लिहिलं. पुन्हा एक. शेवटी घाम पुसत त्याने डॉसला लपवलेल्या फाइलीही दाखवायला सांगितलं. पडद्यावर एकच नाव आलं : SHREE.

नंदकुमार खुर्चीत मागे रेलला. कोरी वही असो की वाण्याची यादी, वर श्री लिहिल्याशिवाय त्याचा हात पुढे सरकत नसे. टेस्ट लिहितानाही प्रत्येक नव्या फोल्डरात पहिली रिकामी फाइल श्रींच्या नावाची, असं त्याने करून ठेवलं होतं. डॉसवर ती कुणी पुसू नये म्हणून तिला कुलूप घातलं होतं, आणि पोरं हसू नयेत म्हणून लपवलीही होती. मग ती ओळ इतकी सवयीची झाली की तो विसरूनच गेला. युनिक्सवर कुलूप घालायचं राहिलं होतं. तिथले श्री रोज सकाळी निमूट पुसले जात होते. आणि कुलपातली फाइल पुसायची नाही, हे डॉसचं बरोबर होतं. श्रुतीचंही.

तो केबिनकडे धावला.

"आता हेड ऑफिसला काय कळवू?" हौसेराव म्हणाले. "देवामुळं पोरगी गेली म्हणून? आणि त्या जागेसाठी मी बायकोच्या भाचीला शब्द दिलाय. सोडा टेन्शन."

संध्याकाळी तो कोपरखैरण्याला श्रुतीच्या घरी गेला. तिची आई, सुमित्राबाई, "या सर, बसा" म्हणून लगबगीने चहा टाकायला आत गेल्या. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं.

"मला दिसली होती ती, सर," श्रुती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी."

"मग काढून का नाही टाकलीस?"

"तुमी देवाचं नाव ठेवलेलं. मी कसं पुसू? सांगायला मात्र आले होते. दोनदा."

तेवढ्यात सुमित्राबाई चहा-बिस्किटं घेऊन आल्या.

"सर, चारशे बारातल्या एकातच गेली म्हणत्यात पोरगी. तुमच्याकडं ग्रेस मार्काचं काय नसतंय व्हय?"

"नसतं, ताई."

"मग फेरतपासणी?"

"ती आज झाली," नंदकुमार बशीत बघत म्हणाला. "पेपर बरोबर होता."

"अगं बया! मंजी पास की!" सुमित्राबाईंचा चेहरा फुलला. त्यांनी एकदा लेकीकडे, एकदा सरांकडे पाहिलं.

श्रुतीने बिस्किटांची बशी सरांकडे सरकवली.