शेलार मॅडमचा विसराळू हिरा

मला मदत केली ती शेलार मॅडमनी. नाव आधी सांगते, कारण पुढचं लिहिताना अजून मला धड सुचत नाही.

मी भंडाऱ्याची, सातवीत शाळा सोडलेली. इतक्या लांब श्रीगोंद्याच्या कॉलेजात शिपाईकाम मिळालं, तेही मॅडमच्या प्रयोगशाळेत. पहिल्याच दिवशी केसातल्या पिना, किल्ल्या, मोबाईल, सगळं दाराबाहेरच्या टोपलीत! प्राचार्यसुद्धा पट्टा तिथे टाकून, एका हातानं पँट धरून आत यायचे.

"लोखंड हललं की हिरा विसरतो," मॅडम म्हणायच्या.

हिरा? मी हादरलेच. होता तांदळाच्या कणीएवढा, आणि मॅडमना त्यातला दोषच प्यारा. त्या दोषात हिरव्या लेझरनं त्या आठवण ठेवायच्या. ती क्षणात पुसली जायची. टिकावी म्हणून तिला सूक्ष्मलहरींचे ठोके देत राहायच्या. "पेंगणाऱ्या पोराला हलवतो ना, तसं गं."

उसाचा हंगाम म्हणजे मॅडमचं दुखणं. खिडकीखालून ट्रॅक्टर गेला की आठवण गेली. त्या रस्त्यावर धावायच्या.

"दादा, जरा पलीकडून घ्या. माझा हिरा विसरतोय!"

"इसरू द्या की बाई! फॅक्टरीत माझा नंबर गेला, तर तुमचा हिरा येनार हाय का ऊस उतरायला?"

मग समिती आली. प्रयोग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ती ठरवणार होती. त्या दिवशी मॅडमनी हातापाया पडून ट्रॅक्टर दुसऱ्या रस्त्यानं वळवले. हिऱ्यानंही पहिल्यांदाच आठवण इतकी धरून ठेवली. तेवढ्यात बाहेर माझा मोबाईल वाजला. थांबला. परत वाजला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हिरा विसरला तर विसरला, मॅडमनी स्वतः तो आत आणून माझ्या हातात दिला. भाऊ रडत होता. आईला दवाखान्यात नेलं होतं, ती माझंच नाव घेत होती.

"काही नाही मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि लेझर बंद केला.

"अहो मॅडम, आत्ता?" समितीचे साहेब ओरडले.

"हो, आत्ताच."

दौंड स्टेशनपर्यंत त्यांनी स्वतः गाडी चालवली. "मॅडम, तुमचं सगळं गेलं," मी रडत म्हणाले.

"पुन्हा मांडू." मग रस्त्याकडे बघत, "मला असं लागोपाठ बोलावणारं आता कोणी उरलं नाही, सुमन. तू जा."

आई वाचली. समिती पुन्हा येईल का, माहीत नाही. मॅडम, याची परतफेड मी करीनच. तुम्हाला बरं नसेल, तेव्हा उशाशी मी असेन. हा माझा शब्द.