खोटेपणाचा दाखला

निजामपुऱ्यातील लूमदुरुस्ती कारागीर नूर मोहम्मद यांच्यापाशी इंग्रज अमदानीतल्या एकवीस खोट्या नोटा होत्या, सगळ्या अस्सल. त्या विकून पत्नी जमिला यांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढायचे ठरले होते. गिऱ्हाईक तयार होते. त्याला फक्त संग्राहक मंडळाचा दाखला हवा होता.

मंडळाच्या चिटणीस दिपालीताईंनी भिंग लावले. "चाचा, ही शंभराची खरी वाटते हो! खऱ्याला आमच्याकडे किंमत नाही."

"मॅडम, राजाची दाढी बघा ना. एका बाजूनं तोकडी हाय."

"दाढीवर दाखला मिळत नाही. छापणाऱ्याची कबुली आणा. तो वारला असेल तर वारसाची."

नूर मोहम्मद रिक्षाने दिघाशीला गेले. तिथल्या राघोचा आजा याच नोटांपायी सहा वर्षे तुरुंगात होता.

"आज्यानंच छापल्या, चाचा, खोटं न्हाय बोलनार," राघो म्हणाला. "पन सही न्हाय देनार. पोरीचं लगीन ठरलंय. आजा स्वातंत्र्यासाठी आत गेलेला, असं व्याह्यांना सांगून बसलोय."

खरा वारस असा देशभक्त निघाल्याने मंडळाने 'छापणाऱ्याचा वारस हवा' अशी जाहीर सूचना काढली. दुसऱ्या दिवशी दारात नऊ नातवंडे उभी. प्रत्येकाचा आजोबा सराईत, आणि प्रत्येकाला त्याचा अभिमान. दापोड्याच्या गोदामातला भावेश सरस ठरला. त्याने आजोबांना शिक्षा झाल्याचा निकालच जोडला होता.

"शाई ओली आहे याची," दिपालीताई म्हणाल्या.

"ताई, जुनी प्रत वाचता येत नव्हती. म्हणून नवीन केली."

कागदपत्रे पूर्ण असल्याने दाखला मिळाला आणि नोटा विकल्या गेल्या. आजोबा पुरवल्याबद्दल भावेशने निम्मे पैसे घेतले. उरल्यात एकच डोळा बसत होता.

"उजवा करा," जमिला म्हणाल्या. "सुईत दोरा त्याच बाजूनं घालते मी."

पट्टी निघाल्यावर त्यांनी दाखल्याची घरी ठेवलेली प्रत, जोडलेल्या निकालासकट, हातात घेतली, खिडकीपाशी धरली.

"अवो, दाखल्यावर मंडळाच्या नऊ जणांच्या सह्या हायेत. मला एका डोळ्यानं या नव्याकोऱ्या निकालातलं खोटं दिसतंय. यांना कुणालाच नाय दिसलं?"

"दिसलं असेल. कागद पुरे होते ना."

वाचकहो, तुम्हाला सह्या करणाऱ्या त्या नऊ जणांची चीड आली असेल. येऊ द्या. फक्त पोराच्या शाळाप्रवेशाला जो भाडेकरार जोडलात, त्या घराचा दरवाजा आत उघडतो की बाहेर, तेवढे आठवून सांगा.