कॅनो, कयाक आणि गहाळ वल्हं

वल्हं जागेवर नाही, हे नेमकं शर्यतीच्या सकाळी कळलं. खाडीकाठच्या शेडमध्ये सुताराने कॅनोवरची ताडपत्री ओढली, आत हात घालून पाहिलं आणि ताडपत्री पुन्हा टाकली. मग परत ओढली. पण वल्हं काही तेवढ्यात उगवलं नव्हतं.

सुताराला एकच माणूस आठवला. त्याचा मेहुणा.

संशयाला कारण होतं. शेडच्या मॅनेजरने दोघांना बजावलं होतं, की यापुढे तुम्हाला मिळून एकच जागा, एक नाव ठेवा, दुसरी या रविवारी न्या. सुताराची कॅनो लाकडी, लांब, वरून उघडी, दोन बैठकींची. ती त्याने आणि त्याच्या बायकोने इमारतीखालच्या पार्किंगमध्ये मिळून बांधली होती. बायको पुढे बसायची, तो मागून एकटा वल्हवायचा. ती गेली त्याला वर्ष होत आलं होतं. घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. शेड सुटली तर कॅनो विकण्यावाचून गती नव्हती, आणि ती विकायची नाही एवढी एकच गोष्ट त्याने या वर्षात पक्की ठरवली होती.

मेहुण्याची कयाक प्लास्टिकची, पिवळी, निमुळती. वरून बंद. मधल्या भोकात एकाने बसायचं आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं गरगर फिरवायचं. तीही त्याच्या घरी जाऊ शकत नव्हती, कारण त्याची बायको म्हणाली होती, "ती आत आली तर मी बाहेर."

दोघांचं भांडण मात्र जुनं होतं.

"कयाक म्हणजे बाण आहे, भावोजी," मेहुणा म्हणायचा.

"बाण परत येत नाही," सुतार म्हणायचा.

"तुमच्या कॅनोत लाट थेट मांडीवर येऊन बसते."

"बसते ती दिसते तरी. तुझ्या कयाकमध्ये माणूस बसतोच कुठे? विजारीसारखी घालतो तो तिला. उलटली की विजारीसकट बुडाला."

शेवटी भांडणाचा आणि जागेचाही फैसला पाण्यावरच करायचं ठरलं. खाडीत तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घालून जो आधी येईल त्याची नाव वेगवान. मग मॅनेजर स्पंजाने दोन्ही नावांतलं पाणी बादल्यांत पिळणार. जिच्यात कमी, ती समुद्राला लायक. मेहुण्याला वेगाची खात्री होती, सुताराला लायकीची. दोघेही एकेकात जिंकले तर काय, हे कोणी विचारलं नव्हतं.

मेहुणा आला तो खाली मान घालूनच.

"झाली का तयारी, भावोजी?"

"झाली होती. वल्हं नाही."

"अरेरे," मेहुणा म्हणाला आणि कयाकला नसलेला चिखल पुसू लागला.

इतक्या वर्षांत मेहुण्याच्या तोंडून 'अरेरे' कधी निघालं नव्हतं. सुताराचे डोळे बारीक झाले.

"गेल्या आठवड्यात तू विचारत होतास, वल्ह्याला तेल लावलंत का म्हणून."

"सहज विचारलं."

"सहज माणूस तब्येत विचारतो. गाडीची डिकी उघड."

"डिकीत वल्हं मावतं का, भावोजी?"

"मावत नाही हे तुला कसं माहीत?"

मेहुणा पुन्हा नसलेला चिखल पुसू लागला. मग म्हणाला, "पुढच्या रविवारी ठेवू या का?"

"पुढच्या रविवारी तिथे दुसऱ्याची नाव असेल," मॅनेजर खुर्चीतूनच म्हणाला. "काय ते आजच उरका."

सुताराने इकडेतिकडे पाहिलं, मॅनेजरच्या मागची फळी भिंतीवरून उतरवली आणि तिला वल्ह्यासारखी मूठ तासायला घेतली.

"अहो, ती माझ्या फायलींची फळी आहे."

"परत लावून देतो. फायली तोवर मांडीवर धरा."

मॅनेजरने मांडीवर फायली धरूनच शिट्टी वाजवली.

आता खरी पंचाईत झाली. मेहुण्याने आणखी काहीतरी योजलं असणार, तेव्हा त्याला नजरेसमोर ठेवायचं, असा सुताराचा बेत होता. म्हणून तो मागे राहिला. पण मेहुणाही पुढे जाईना. दोन हात मारायचा आणि थांबून मान वळवायचा.

"जा की बाणा," सुतार ओरडला.

"तुम्ही या आधी. ती फळी टिकेलसं वाटत नाही."

"माझ्या फळीची काळजी तुला कशाला?"

"काळजी नाही हो, नुसतं बघतोय."

अशा रीतीने जगातली सर्वांत सावकाश शर्यत सुरू झाली. भरतीलाच कंटाळा आला आणि तिने दोघांना उचलून बोयाच्या पलीकडे नेऊन ठेवलं. तिथे लाटा आडव्या येत होत्या. धावती कयाक तोल सांभाळते, पण थांबलेल्या कयाकमध्ये मागे वळून बघणं हे उभ्या सायकलवर बसून मागे बघण्यासारखं आहे. मेहुण्याने पुन्हा मान वळवली आणि पिवळ्या रंगाच्या जागी कयाकचं पांढरं बूड दिसू लागलं.

सुताराने कॅनो त्याच्याकडे रेटली. तेवढ्यात फळीचे दोन तुकडे झाले. मेहुणा विजारीतून सुटून वर आला, त्याच्या हातात त्याचं दुपाती वल्हं शाबूत होतं. सुताराने त्याला लाइफ जॅकेटच्या पट्ट्याला धरून आत ओढलं. तो पुढच्या बैठकीवर आदळला. तिथे वर्षभरात कोणी बसलं नव्हतं. सुताराने कयाक दोरीने मागे बांधली.

"वल्हव आता," एवढंच म्हणाला.

मेहुण्याने वल्हवलं. दर फेऱ्याला दुसऱ्या पात्यावरचं पाणी सुताराच्या तोंडावर येत होतं. 'मुद्दामच करतोय,' सुताराला वाटलं.

काठावर मॅनेजरने डोकं धरलं. कॅनो आधी आली खरी, पण कयाकच्या वल्ह्याने. पाणी दोन्हींत बादल्या भरून. तो निकाल जुळवत होता, तेवढ्यात मेहुण्याची बायको टॉवेल घेऊन आली.

"बरं झालं भेटलात, भावोजी. ते तुमचं वल्हं घेऊन जा बाई एकदाचं. चार दिवस बाल्कनी अडवून बसलंय. कपडे कुठे वाळत घालू मी?"

सुतार मेहुण्याकडे वळला. मेहुण्याने टॉवेलात तोंड खुपसलं.

"तेल लावायला नेलं होतं," आतून आवाज आला. "हवा दमट, वाळेचना. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बरं शर्यतीच्या तोंडावर तेल सुचलं."

"म्हणालोच असतो. पण तेल तू कशाला लावायचं?"

"दरवर्षी ताई लावायची. तुम्हाला काय वाटलं, वल्हं आपोआप चकाकतं? शेवटी दवाखान्यात मला म्हणाली, त्यांच्या लक्षात राहायचं नाही, तू बघ."

सुताराने मॅनेजरकडे पट्टी मागितली आणि शेडची भिंत मापली.

"एकाच जागेत एकावर एक टांगतो. खाली माझी, वर याची."

"आधी नाही सुचलं?" मॅनेजरने विचारलं.

"सुचलं होतं. पण वरच्या नावेचं पाणी हा मुद्दाम माझ्या नावेत गाळेल, असं वाटायचं."

"गाळणारच," मेहुणा टॉवेलातून म्हणाला.

दोन्ही नावा आता भिंतीवर आहेत आणि मॅनेजरच्या फायलींना नवी फळी आहे. वेगवान कोण आणि लायक कोण, हा वाद तसाच चालू आहे. वल्ह्याची एक बाजू वाळली. दुसऱ्या बाजूला तेल लावायचं अजून राहिलं आहे.