पान सतरा, ओळ चौथी

“स्वच्छतेची प्रक्रिया पूर्ण होऊन ओव्हन थंड झाल्यावर दाराचे कुलूप आपोआप उघडेल.” हे विधान कंपनीच्या माहितीपुस्तिकेत पान सतरावर, चौथ्या ओळीत आहे. सकाळी सव्वादहा वाजता प्राध्यापकांचे मत असे झाले, की या ओळीत शाई सोडली तर विश्वास ठेवण्यासारखे काहीही नाही.

‘पूर्ण’ म्हणजे कोणाच्या मते पूर्ण? ‘थंड’ म्हणजे किती थंड, विहिरीच्या पाण्याइतके की विसरलेल्या चहाइतके? ‘आपोआप’ हा तर जबाबदारी झटकणाऱ्या प्रत्येक लेखकाचा लाडका शब्द. आणि ‘उघडेल’ असे लिहिणाऱ्याला कुठल्याही न्यायालयात खोटे पाडता येत नाही, कारण भविष्यकाळ कधी संपतच नाही. प्राध्यापकांनी समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहिला: ‘निराधार.’ एवढ्यावर भागत नाही असे वाटून त्याखाली रेघ ओढली.

जुन्या हस्तलिखितांतल्या लेखनिकांच्या चुका शोधण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली होती. निवृत्तीनंतर हस्तलिखिते सुटली, शोध सुटला नाही. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठीसुद्धा ते टिपा काढत वाचत. स्वतःच्या लग्नाची पत्रिका त्यांनी शुद्धिपत्रासह वाटली होती, आणि पत्नीच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हाच तिने सावध व्हायला हवे होते.

आजची गोष्ट मात्र पत्रिकेइतकी निरुपद्रवी नव्हती. त्यांच्या लेकीने सहा महिन्यांपूर्वी चांगली नोकरी सोडून घरच्या ओव्हनमध्ये पाव भाजायला सुरुवात केली होती. आतापर्यंत ते पाव नातेवाइकांनी खाल्ले होते, आणि नातेवाईक काहीही खातात. आज दुपारी तीनला एका कॅफेच्या मालकीणबाई घरी येऊन स्वयंपाकघर पाहणार होत्या आणि याच ओव्हनमधला पाव चाखणार होत्या. पसंत पडला तर रोज वीस पाव. नाही पडला तर लेकीने स्वतःला दिलेली मुदत महिनाअखेर संपत होती.

आदल्या दिवशी ती म्हणाली होती, की ओव्हन जरा ओल्या फडक्याने पुसून घेते. प्राध्यापकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“पुसायचं कशाला? हा ओव्हन स्वतःच स्वतःला साफ करतो. मी पुस्तिका वाचली आहे.”

घरात ती दुसऱ्या कोणी वाचलेली नव्हती, त्यामुळे विरोध टिकला नाही. पद्धत सोपी होती. बटण दाबले की दाराला कुलूप लागते, आत भट्टीसारखी धग होते, चिकटलेल्या तुपातेलाची राख होते, आणि गार झाल्यावर दार उघडते. तीन तास जळण्याचे, एक तास निवण्याचा. सकाळी सहाला प्राध्यापकांनी बटण दाबले. दहाला दार उघडणार, बाराला पाव आत जाणार, असे वेळापत्रक त्यांनी फ्रिजवर चिकटवले.

दहाला दोन मिनिटे असताना ते ओव्हनसमोर उभे राहिले. ठीक दहाला आतून घर्र असा आवाज आला. कुलपाची मोटर फिरू लागली होती. हा क्षण आपल्या हातून घडावा म्हणून प्राध्यापकांनी दाराची मूठ धरून ते ओढले. मोटर कण्हली, थांबली. कुलपाचा लाल दिवा तसाच राहिला आणि पडद्यावर एक अक्षर व एक आकडा उमटला. पुस्तिकेच्या मते त्याचा अर्थ होता ‘कुलपात दोष’.

पाव तासाने पुन्हा घर्र झाले. यंत्र प्रयत्न करते आहे पण बिचाऱ्याची ताकद कमी पडते, असे निदान करून प्राध्यापकांनी या वेळी दोन्ही हातांनी ओढले. पुन्हा तेच अक्षर, तोच आकडा. समासातला ‘निराधार’ याच वेळचा.

प्राध्यापक वेळेचे पक्के होते. साडेदहा, पावणेअकरा, अकरा. घर्र झाले की ते हजर. साडेअकराला त्यांनी एक पाय खालच्या कपाटाला लावला. पावणेबाराला प्रवासी बॅगेचा पट्टा मुठीला बांधला. बाराला पत्नीला मागून कंबर धरायला लावले आणि दोघांनी मिळून ओढले, तेव्हा ओव्हन जागचा हलला, दार नाही. पत्नी म्हणाली, या वयात हे बघायचं बाकी होतं, आणि मटकन खुर्चीत बसली.

मधल्या वेळात त्यांनी कंपनीला फोन लावला. बावीस मिनिटे बासरी ऐकल्यावर, आणि मधल्या एका घर्रला फोन कानाशी धरूनच दार ओढल्यावर, एक मुलगी बोलली. तिने प्राध्यापकांना दोनदा काही विचारण्याचा प्रयत्न केला. प्रश्न कोणी विचारायचे आणि उत्तरे कोणी द्यायची, हे त्यांनी तिला सौम्य शब्दांत समजावले, आणि पान सतराच्या लेखकाचे नाव व शिक्षण मागितले. मुलीने दुरुस्तीवाला पाठवते असे सांगून सुटका करून घेतली. मग प्राध्यापकांनी अकरा मुद्द्यांचे आरोपपत्र लिहायला घेतले. पाचव्या मुद्द्याचे तीन पोटमुद्दे झाले. घर्र होई तेव्हा ते लेखणी ठेवून ओढायला जात आणि परत येऊन वाक्य पुरे करत.

इकडे पीठ कोणासाठी थांबत नव्हते. ते भांड्याबाहेर डोकावू लागले तेव्हा लेकीने ते दाबून खाली बसवले. दुसऱ्यांदा फुगले तेव्हा त्याचे पाव वळले, साच्यांत घातले आणि गारठून तरी जरा दम धरेल म्हणून साचे फ्रिजमध्ये ठेवले. प्राध्यापकांनी सहाव्या मुद्द्यातले एक वाक्य तिला वाचून दाखवले, तेव्हा तिने हातावरचे पीठ झटकले.

“बाबा, पीठ पुस्तिका वाचत नाही हो. मला फक्त दार उघडून द्या.”

त्यानंतर प्राध्यापकांचे लेखन थोडे मंदावले.

दुरुस्तीवाला एक वीसला आला. पन्नाशीचा, चष्म्याला दोरी, बोलण्यात काटकसर. प्राध्यापकांनी त्याला उभ्यानेच आरोपपत्र वाचून दाखवायला सुरुवात केली. तिसऱ्या मुद्द्यावर त्याने हात वर केला.

“काका, एक विचारू? मोटर वाजते तेव्हा तुम्ही काय करता?”

“मदत करतो.”

“म्हणजे?”

“दार ओढतो.”

दुरुस्तीवाल्याने पिशवी खाली ठेवली. उघडली नाही. मुठीचा पट्टा सोडला, घडी करून प्राध्यापकांच्या हातात दिला, आणि ओव्हनच्या दारावर तळहात टेकवून ते हलकेच आत दाबून धरले. तो घड्याळाकडे बघत राहिला. बरोबर दीडला आतून घर्र झाले. मग टक्. लाल दिवा विझला. त्याने हात काढला, आणि दार दोन बोटांनी, लोण्यातून सुरी फिरावी तसे, उघडले.

त्याने समजावले ते थोडक्यात असे. कुलूप म्हणजे एक आकडी. मोटर ती सोडवते. दार बाहेर ओढले की आकडी ताणली जाते आणि सुटत नाही. मग मोटर थकते, पाव तास थांबते, पुन्हा प्रयत्न करते. तुम्ही एकदा जरी चहा प्यायला गेला असता ना काका, तर हे केव्हाच उघडलं असतं.

प्राध्यापकांनी आरोपपत्राची घडी घातली. नंतर त्या घडीची घडी घातली.

ओव्हनच्या तळाशी चिमूटभर राख होती. लेकीला ती पुसायला एक मिनिट लागले. दोनला पाव आत गेले. उष्णता नीट धरते का ते पाहायला दुरुस्तीवाला थांबला, आणि तीनला मालकीणबाई आल्या तेव्हा स्वयंपाकघरात असा वास पसरला होता, की त्यांनी दारातच बोलणे थांबवून दोनदा श्वास घेतला.

त्यांनी एक तुकडा खाल्ला. मग कोणी न देता दुसरा घेतला. पिठाला सावकाश मुरू दिलेलं दिसतंय, असे त्या म्हणाल्या. लेकीने, हो, आज जरा जास्तच, एवढेच सांगितले. तेवढ्यात बाईंची नजर दुरुस्तीवाल्याच्या पिशवीवर गेली.

“पाव छानच आहे गं. पण माझं दुकान सकाळी सातला उघडतं. तुझा ओव्हन उघडेल का?”

दुरुस्तीवाल्याने सांगितले की दार साडेतीन तास उघडत नव्हते, पण यंत्राचा प्रत्येक भाग ठणठणीत आहे. मग इतका वेळ बंद का होता, असे बाईंनी विचारले. ज्या बिघाडाचं कारण सापडत नाही तो परत येतो, हे त्या पंधरा वर्षांत शिकल्या होत्या.

लेक भिंतीकडे बघत म्हणाली, “अडकला होता.”

वडिलांचे नाव तिने घेतले नाही. पत्नी, जिने तीस वर्षांत एकही संधी दवडली नव्हती, तीही गप्प राहिली, आणि ते प्राध्यापकांना जास्त लागले. दुरुस्तीवाल्याच्या हातातल्या कागदावर शेवटचा रकाना मोकळा होता: ‘बिघाडाचे कारण, ग्राहकाच्या शब्दांत’.

चाळीस वर्षे प्राध्यापकांनी प्रत्येक दोषाला लेखनिक शोधून दिला होता. त्यांनी कागद मागून घेतला, टेबलाशी बसले आणि एकही शब्द न खोडता लिहिले. मग तो कागद दुरुस्तीवाल्याला न देता मालकीणबाईंच्या हातात ठेवला. बाईंनी तो उभ्याने वाचला, बसून पुन्हा वाचला, पदराआड हसू दाबत लेकीला सोमवारपासून वीस पाव पाठवायला सांगितले, आणि कागदाची एक प्रत आपल्याला हवी म्हणाल्या. मजकूर शब्दशः असा:

“कुलूप निर्दोष आहे. ते दर पंधरा मिनिटांनी उघडायला निघत होते आणि दर वेळी मी दार ओढून त्याला अडवत होतो. असे मी दहा ते सव्वा एक या वेळात चौदा वेळा, पूर्ण विचारांती केले. माझ्या मुलीचा यात काहीही दोष नाही. मला दूर ठेवल्यास हा ओव्हन रोज सकाळी उघडेल.”