नावं ठेवणारे कंपाउंडर

माणूस भेटलं की लोक रामराम घालतात. आमचे हे त्याला त्याच्या वेडाचं नाव सांगतात.

लग्नाआधी हे पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात कंपाउंडर होते. आता सोलापुरात सरकारी दवाखान्यात औषधाच्या बाटल्या भरतात, पण जीभ अजून तिकडंच आहे. भाजीवाली भांडली, की "मेनिया!" शेजारचे मास्तर कीर्तनात रडले, की "मेलँकोलिया!" त्यात पुण्याहून जुना सोबती यायचा अन् सांगायचा, नव्या साहेबानं आजारांची नावं बदलली. झालं! दुसऱ्या दिवशी हे दारोदार. "मास्तर, तुमचं जुनं नाव रद्द झालं बरं का!"

मास्तरीणबाईंनी मला हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं. बोलावलं असतं तरी कुठल्या तोंडानं गेले असते? गल्लीतनं जाताना मेली मान वर होत नसे.

"अहो, लोकांना नावं ठेवू नका," म्हटलं तर म्हणायचे, "मी कुठं ठेवतो? शास्त्र ठेवतं."

मग धाकट्या वन्सं माहेरी आल्या. तान्हं लेकरू गेलं होतं त्यांचं. भिंतीकडं तोंड करून बसायच्या, कुणाशी बोलायच्या नाहीत. थोड्या दिवसांनी मंगळवेढ्याहून त्यांचे यजमान आले, संगं दोन पंच घेऊन. अंगणात गल्ली जमली.

"मेव्हणं, तुमी लई नावं जाणता. हिच्या येडाचं नाव सांगा की पंचांना. हिला पुण्याच्या इस्पितळात धाडतो, अन् मी दुसरं लगीन कराया मोकळा."

ह्यांच्या जिभेला हाड नाही. आता नाव निसटणार अन् वन्सं जाणार. दाराआडून मी हात जोडले.

ह्यांनी जिभेवर आलेलं नाव गिळलं. घाम पुसला.

"थकलीय ती," म्हणाले.

"हे कसलं नाव? साऱ्या गावाला इंग्रजी, अन् बहिणीला थकवा व्हय?"

गल्ली खो खो हसली. ह्यांचे कान लाल झाले.

"व्हय, थकवाच. लेकरू गेलंय तिचं. ती हितंच राहील."

पाहुणे पाय आपटत गेले. हे आत आले, बहिणीशेजारी भिंतीला टेकून बसले. ह्यांना शरमेनं तिच्याकडं बघवेना.

"चंद्रे," म्हणाले, "नावं सगळी येतात गं मला. औषध एकाचंही येत नाही."