पिंपळापुरे काकांचं फुलपात्र

एटीव्हीच्या शोरूममध्ये जाताना माणूस घरून काय घेऊन निघतो? फार तर बायकोची परवानगी. आमचे पिंपळापुरे काका स्टीलचं फुलपात्र घेऊन निघायचे.

एटीव्ही म्हणजे मोटरसायकलचं हँडल आणि चार जाड चाकं असलेली, बर्फाचिखलातून बिनदिक्कत जाणारी धटिंगण गाडी. काका तिच्या मागच्या कॅरियरवर फुलपात्र ठेवायचे, ते काठोकाठ भरायचे आणि मला म्हणायचे, "चालव पोरी. हळू. हिसका नको बाप्पा!"

मग मी दुकानामागच्या मोकळ्या जागेत गाडी फिरवायची आणि काकांनी फुलपात्रावर डोळे लावून बाजूने तुरुतुरु चालायचं. फेरी संपली की ते पाण्यात बोट बुडवून किती सांडलं ते मोजत. एका पेरापेक्षा जास्त सांडलं की गाडी नापास. पासष्टीचा माणूस, डोक्यावर माकडटोपी, हातात मोजमापाची वही. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून बघत उभी राहायची.

काका नागपूरचे, तीस वर्षांपूर्वी इकडे अमेरिकेत आलेले, निवृत्त इंजिनिअर. श्रूजबरीत आमच्या रस्त्याच्या टोकाला, उतारावर त्यांचं घर आणि मागे झाडीपर्यंत गेलेली दोन एकर जागा. मी पुण्याची असल्यामुळे दुसऱ्याच्या खरेदीत नाक खुपसायला मला आमंत्रण लागत नाही. इथे तर आमंत्रणही होतं, कारण गाडी चालवायला आणि फुलपात्र बघायला अशी दोन माणसं लागत. दर शनिवारी सकाळी काकांचा फोन यायचा. "काय करून राहिली? नवीन मॉडेल आलं म्हणते. चल."

एटीव्ही कशाला हवी, असं विचारलं की उत्तर तयार असायचं. ड्राइव्हवेवरचा बर्फ लोटायला, लाकडं ओढायला, पडलेल्या फांद्या गोळा करायला. कारणं चोख होती. पण लाकडाच्या ओंडक्याला हिसका बसला तर त्याचं काय बिघडतं, हे मला कळेना. बरं, गाडी घेऊनही टाकत नव्हते. अख्खा हिवाळा असाच गेला, दुसराही अर्ध्यावर आला.

दुकानदार केव्हिन मोठा सोशिक. तो सांगायचा, ही गाडी पाचशे किलो ओढते. काका म्हणायचे, "आय नीड ओन्ली फिफ्टी-एट किलो. बट स्मूथली."

"ओढायचंय तरी काय?" केव्हिनने एकदा न राहवून विचारलं.

"व्हेरी डेलिकेट लोड."

"अंडी?"

"अंडी परवडली," काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले.

लाल रंगाची एक दणकट गाडी मला फार आवडली होती. तिने सुरुवातीलाच अर्धं फुलपात्र सांडलं. दुसरी सुटायची झोकात, पण ब्रेक लावला की मान पुढे जायची. काकांनी वहीत लिहिलं, 'सुटताना बरी, थांबताना उद्धट.' तिसरीबद्दल तर नुसतं 'हिसका!' आणि खाली दोन रेघा. एकदा परत येताना मी वैतागून म्हटलं, "काका, यार, बर्फ लोटायचाय की लग्नाची वरात काढायचीय?" काका खिडकीतून बाहेर बघत राहिले.

त्या दिवशी सुमनकाकूंनी मला चहाला थांबवलं. काकू गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला मागच्या अंगणात बर्फावरून घसरून पडल्या होत्या आणि पाठीचं मोठं ऑपरेशन झालं होतं. ते मला माहीत होतं. घरातल्या घरात चालायचं, बर्फावर पाऊल टाकायचं नाही, पाठीला धक्का लागू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काकू खिडकीशी उभ्या होत्या.

"तिकडे झाडीजवळ माझ्या पक्ष्यांचं भांडं टांगलंय," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं मीच दाणे घालत होते. आता हे घालतात. पण इथून दिसत नाही गं, कोण येतं, कोण नाही. आपली मोटार तिथे जात नाही. नोव्हेंबर ते एप्रिल मी आपली आतच." मग त्यांनी विषय बदलला. "आणि आमची डायनिंगची चौथी खुर्ची कुठे गेली, तुला काही माहितेय का? महिनाभर शोधतेय."

खुर्ची मला जाताना सापडली. काकांच्या गॅरेजमध्ये, ताडपत्रीखाली. बर्फावरून ओढायची लाकडी घसरगाडी, तिच्यावर बोल्टने घट्ट बसवलेली चौथी खुर्ची, पाय अर्धे कापलेले. बसायला आणि पाठीला गोधडीची घडी शिवलेली. बाजूला हात धरायला जुन्या पलंगाचा दांडा.

मी काकूंकडे पाहिलेलं होतंच. अठ्ठावन्न किलो बरोबर भरतील. वरातीचा विनोद आठवून मला माझीच लाज वाटली.

"तिला सांगू नको," काका मागे येऊन उभे होते. "आधी गाडी मिळू दे. आशा लावायची आन् मग नाही म्हणायचं, हे काही बरं नाही."

पुढच्या शनिवारी मी क्लचसुद्धा श्वास रोखून सोडला असता, पण त्या गाड्यांना क्लचच नसतो. केव्हिनलाही मीच सगळं सांगितलं. तो आत गेला आणि एक मळकट हिरवी, जुनी गाडी घेऊन आला. म्हातारी म्हैस उठते तशी ती सावकाश निघाली. वर त्यानेच सल्ला दिला, दोर बांधू नका, उतारावर घसरगाडी मागून आदळेल, लोखंडी दांड्याने जोडा. काकांनी बोट बुडवलं. अर्धं पेर.

रविवारी काकांनी त्या गाडीने चार फेऱ्या मारून झाडीपर्यंत बर्फ दाबून घेतला. सोमवारी मी ऑफिसला दांडी मारली. काकू आधी म्हणाल्या, "लोक हसतील." मग खुर्ची ओळखून म्हणाल्या, "पाय कापलेत हिचे!" आणि मग दांडा धरून बसल्या. स्वेटर, शाल, वर हेल्मेट. काकांनी भरलेलं फुलपात्र त्यांच्या हातात दिलं. "मला रिपोर्ट पाहिजे," म्हणाले.

काका पुढे, काकू मागे, मी बाजूने तुरुतुरु. जाताना थेंब सांडला नाही. झाडीजवळ काकांनी इंजिन बंद केलं. काकूंनी फुलपात्र माझ्याकडे देऊन मुठीने दाणे घातले. आम्ही तिघं वाट बघत राहिलो. थोड्या वेळाने काळ्या टोपीचा एक इवलासा पक्षी आला, दाणा उचलून गेला, परत आला.

"आहे बाई अजून," काकू म्हणाल्या आणि हेल्मेटच्या काचेखाली बोट घालून डोळे पुसायला लागल्या.

निघताना काकूंनी फुलपात्र परत हातात घेतलं. परतीच्या वाटेवर बर्फाखाली एक मूळ होतं. घसरगाडी एकदाच उडाली. फुलपात्रातलं सगळं पाणी काकूंच्या मांडीवर. मी ओरडणार तेवढ्यात त्यांनी मान हलवून मला गप्प केलं आणि शाल ओढून ओला भाग झाकला.

दाराशी काका उतरले. "किती सांडलं?"

"काही नाही. मी प्यायले," काकू म्हणाल्या. "तहान लागली होती."

बाहेर पाणी गोठेल अशी थंडी. काकांनी रिकामं फुलपात्र हातात घेतलं. शालीच्या कडेवरून एक थेंब पायरीवर पडला, तो आम्ही तिघांनीही पाहिला.

"बरं," काका म्हणाले आणि काकूंना उठवायला त्यांनी हात पुढे केला. "मग उद्यापासून चहा नेऊ. झाकणाच्या थर्मासात."