पाच चांदण्यांचा हेडफोन

गप बसा रं पोरांनो. चुळबूळ केली तर सांगणार नाय.

एका जंगलात गेनबा नावाचं अस्वल राहायचं. त्याला गाण्याचा लई नाद. दुपारी पोटभर मध चाटायचा, गुहेत आडवं व्हायचं आन भोंगा लावायचा. बारका न्हवं, जत्रंत असतो तसला.

गुहेच्या डोक्यावर वडाचं झाड. त्यात घुबडतात्या. तात्या जंगलाचे पंच. रातभर जागायचे, दिवसा झोपायचे. म्हंजे डोळं मिटायचे. गाणं सुरू झालं की टक्क जागे.

एक दिवस तात्या खाली आले. "गेनबा, उद्या आवाज आला तर गुहा खाली करायची."

"आन म्या गाणं कुठं ऐकू?"

"तुझ्या कानात ऐक. माझ्या नको."

गेनबाची बायको कोंडाबाई. ती म्हनली, "जावा, हेडफोन आणा. स्वस्तातला, पण चांगला. आन लावून बघा. मागं छत्री न उघडता आणलीसा, निस्त्या काड्या निघाल्या."

गेनबा कोल्ह्याच्या दुकानात गेला. एक हेडफोन काळा, साधा. दुसरा लालभडक, वर पाच चांदण्या.

"ह्या चांदण्या कशाच्या?"

"गिऱ्हाइकानं दिल्यात. धामणआक्कानं पाचच्या पाच! किंमत दोन्हीची सारखीच."

"जरा लावून बघतो."

कोल्हा हसला. "चांदण्या असताना लावून कोण बघतं पाव्हणं? अडाणी!"

अस्वलाची जात. पोळ्यातला मध बी चाटल्याबिगर घेत नाय. पण कुणी अडाणी म्हनलं की माझं बी टाळकं सटकतं, त्याचं का नाय सटकणार? उचलला लाल आन आला घरी.

भोंग्याला वायर जोडली. कानाला लावला. गाणं सुरू केलं. काय नाय. ढिम्म. बायको समोर तोंड हलवत व्हती, ती बी ऐकू यीना.

दारातच धामणआक्का ऊन खात पडली व्हती. गेनबानं हेडफोन मानेवर घेतला. "आक्के, ह्यो ऐकून पाच चांदण्या दिल्यास?"

"ऐकून कुठनं रं मुडद्या? मला कान हायत व्हय?"

"मग दिल्यास कशाला?"

"दिसभर त्यात वेटोळं करून पडले. मऊ हाय. काय सुद्धा तरास नाय."

गेनबा असा पेटला! वायर धरली आन हासडली. तर भोंगा मोकळा झाला की. गाणं चालूच व्हतं. आख्खं जंगल दणाणलं.

तात्या धपकन खाली. "उठा! गुहा खाली करा!"

कोंडाबाई रडत भांडी गोळा करायला लागली. गेनबाचं त्वांड एवढंसं झालं.

तेवढ्यात तात्यांची नजर चांदण्यांवर गेली. "पाच? आधी ह्यो जप्त!"

पंच हाय. जप्त केल्याबिगर जातोय व्हय? तिथंच डोक्यावर चढवला.

तात्यांनी मान इकडं फिरवली, तिकडं फिरवली. भोंगा बोंबलतच व्हता.

"बंद केलंस व्हय गाणं? शहाणा झालास. ऱ्हावा गुहेत."

तात्या वर गेले आन घोरायला लागले. कोंडाबाईनं भांडी परत मांडली. गेनबानं आवाज आणखी वाढवला.

तात्यांनी बी पाच चांदण्या दिल्या. म्हनले, असला माल जंगलात दुसरा नाय.

तात्पर्य: हेडफोन पाच चांदण्या बघूनच घ्यावा, लावून कधी बघू नये. आन घरी आणला की शेजाऱ्याच्या डोक्यावर बसवावा. मग गाणं कसं झ्याक ऐकू येतं.